आधी लावलेलं दार

रुपराव भोयरांकडे मी गाडी शिकायला गेले तेव्हा मला एक्कावन्नावं लागलं होतं. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, घरची गाडी फाटकाशी धूळ खात उभी राहिली आणि रोज ऑफिसला जाताना ऑटोवाल्यांशी हुज्जत घालायचा कंटाळा आला, एवढंच कारण. सक्करदरा चौकातून तलावाकडे वळलं की एका झेरॉक्सच्या दुकानाशेजारी त्यांची एका खोलीची ड्रायव्हिंग स्कूल आहे. आत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या चिन्हांचा तक्ता, आणि टेबलामागे त्यांच्या पत्नी ताराबाई. फॉर्म भरून घेणं, वेळा लावून देणं हे काम त्या करतात.

पहिल्या दिवशी रुपरावांनी मला किल्ली दिलीच नाही. सीटवर बसवलं आणि म्हणाले, "आता उतरा, ताई."

मी दार उघडून उतरले.

"पुन्हा बसा. आता डाव्या हातानं दार उघडा."

उजवीकडचं दार डाव्या हाताने उघडायचं म्हणजे सगळं अंगच वळवावं लागतं. मी तसं म्हटलं.

"वळलंच पायजे. हात वळला का अंग वळते, अंग वळलं का मान वळते. मंग मागून कोण येऊन राहिलं ते दिसते."

"पण आरसा असतो ना?"

"आरसा असते. पण त्यात पाहाची याद माणसाले राहत नाई."

बंद गाडीत अर्धा तास मी नुसती बसत होते आणि उतरत होते. झेरॉक्सच्या दुकानातली पोरं हसत होती. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, माणूस जरा विक्षिप्त दिसतो.

विक्षिप्त ते नव्हते. मौद्याकडच्या एका खेड्यातले. घरची शेती होती, ती धाकटा भाऊ अजून करतो. हे ट्रॅक्टरवर गाडी शिकले, बाविसाव्या वर्षी नागपूरला आले, एका शाळेची बस नऊ वर्षं चालवली आणि मग स्वतःची स्कूल काढली. आवाज कधी चढायचा नाही. मी मानेवाडा रोडवर भर चौकात तीनदा गाडी बंद पाडली, मागे हॉर्नचा गदारोळ झाला, तरी ते शांतपणे म्हणाले, "त्याइले वाजवू द्या. त्याइचं काम ते करून राहिले. तुम्ही क्लच दाबा." सगळ्या भागातल्या बायका त्यांच्याकडेच शिकायला यायच्या, त्याचं कारण हेच होतं. वाहतुकीबद्दल त्यांची एक-दोन वाक्यं ठरलेली होती. "ब्रेक दाबाले पाय लागते, पण थांबाले डोकं लागते," हे त्यातलं एक.

बाराव्या दिवशी आम्ही रेशीमबागेच्या मैदानाकडेला गाडी उभी केली. ऊन चढलं होतं, मला पाणी प्यायचं होतं. मी उजव्या हातानेच खाडकन दार उघडलं. त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट, की मी दचकले. मागून एक सायकलवाला निघून गेला, बराच लांबून. काही झालं नसतं. पण रुपरावांच्या चेहऱ्याचा रंग गेला होता. त्यांनी लगेच हात काढला आणि म्हणाले, "माफ करा, ताई."

मी विचारलं, "काका, तुमच्या बाबतीत काही झालं होतं का?"

त्यांनी गाडीची काच खाली केली. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. काही त्या दिवशी सांगितलं, काही नंतरच्या आठवड्यांत. राहिलेलं ताराबाईंनी सांगितलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना, सकाळचे साडेदहा. एका विद्यार्थ्याला घरी सोडून ते एकटेच परत येत होते. चौकाच्या अलीकडे शालिकराम नावाच्या माणसाची चहाची टपरी आहे. तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावली, बंद केली आणि चहाला उतरायला दार उघडलं.

"घाई होती का?" मी विचारलं.

"नाई."

"फोन वाजला?"

"काहीच नाई, ताई. म्या लय शोधलं, काही कारण भेटते का. भेटलं असतं तर बरं झालं असतं. कारणच नव्हतं. दार उघडलं, बस. पाह्यलं नाई."

मागून एक बाई स्कुटीवर येत होती. दाराची कड तिच्या हँडलला लागली आणि ती गाडीसकट रस्त्यावर आडवी झाली. तिच्या मागे शहर बस होती. बसवाल्याने ब्रेक दाबला, आणि बस तिच्यापासून दोन-तीन हातांवर थांबली.

इथपर्यंत जे झालं ते अनेकांच्या हातून होतं. पुढे जे झालं ते त्यांच्या मनातून गेलं नाही. ते गाडीतून उतरले आणि पहिल्यांदा त्यांनी दार लावलं. मग त्या बाईकडे धावले.

"काहून लावलं ते मले आजही सांगता येत नाई. आदत असंन. रस्त्यात दार उघडं ठेवू नये, हे मीच तर सगळ्याइले शिकवतो. पण लावलं. ते रस्त्यात पडली होती, अन् म्या आधी दार लावलं."

लोक जमले तेव्हा त्यांना काय दिसलं, तर एक उभी गाडी, तिची दारं बंद, आणि शेजारी पडलेली स्कुटी. शालिकराम टपरीतून बाहेर आला. त्याने पडतानाचं काही पाहिलं नव्हतं, तो स्टोव्हला पंप मारत होता. पण रुपरावांना तो वीस वर्षं ओळखत होता. तो म्हणाला, "भाऊची गाडी तं उभीच होती. बाईच येऊन धडकली. ह्या स्कुटीवाल्या कोणाकडं पाहत नाईत." बसमधून उतरलेल्या दोघांनी मान डोलावली; बसवाल्याने बाजूने बस काढून नेली होती. गर्दीत एकाने सांगितलं की एवढ्या वर्षांत या माणसाच्या गाडीला ओरखडा नाही. ते खरंच होतं. स्कूलच्या काचेवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: सव्वीस वर्षे, एकही अपघात नाही.

रुपरावांनी तिला उचललं, स्वतःच्या गाडीत घातलं, जवळच्या दवाखान्यात नेलं. उजवा घोटा मोडला होता आणि मनगटाला तडा गेला होता. नाव प्रेमिला, वय चव्वेचाळीस, अंगणवाडीत सेविका. संध्याकाळी पोलीस आला. त्याने रुपरावांना विचारलं, "गाडी उभी होती का?"

"हो, उभी होती," ते म्हणाले.

त्याने तसं लिहून घेतलं. प्रेमिलाच्या नवऱ्याने, सुशीलने, तक्रार द्यायची नाही म्हणून सांगितलं. उलट त्याने रुपरावांचे दोन्ही हात हातात घेतले. "चूक आमच्याच घरची हाय, सर. तिले म्या दहादा सांगतलं होतं, या वयात गाडी शिकू नको. तुम्ही होते म्हणून जीव वाचला. दुसरा असता तं पळून गेला असता."

"आणि तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही म्हटलं नाई. त्यानं हात धरले, म्या धरू देले."

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ताराबाईंना सगळं सांगितलं. ताराबाई म्हणाल्या, "मंग उद्या जा अन् सांगून या." ते हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संत्री घेऊन दवाखान्यात गेले. प्रेमिला गोळ्यांच्या गुंगीत होती, सुशील डबा आणायला गेला होता. संत्री ठेवली आणि ते परत आले. मग रोज उद्या-उद्या झालं. विद्यार्थी येत राहिले. पहिला आठवडा गेला की सांगणं अवघड होतं, आणि पहिला महिना गेला की, ते म्हणाले, माणसाला वाटू लागतं की आता समोरच्यालाही ते नको असेल.

ताराबाईंनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. "मीबी सोडून देलं," त्या मला म्हणाल्या. "मले वाटलं, हाड जुळलं असंन, बाई चालत असंन. कायले उगीच."

सव्वा वर्ष गेलं. जूनमध्ये एक मुलगी स्कूलमध्ये आली. मिनल नाव, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांनी मुद्दाम इथेच पाठवलं होतं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात, शिकाचं तं त्याच सरांकडं शिक. तुम्ही माह्या आईले दवाखान्यात नेलं होतं."

रुपरावांनी तिला नाही म्हणायचं ठरवलं होतं. पण काय सांगून नाही म्हणणार? ती रोज सकाळी सातला येऊ लागली. हात चांगला होता तिचा, नजर लांबपर्यंत जायची. गाडी चालवता चालवता ती बोलायची. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आई कशी हाय?"

"बरी हाय. पाय थंडीत दुखते."

"गाडी चालवते का?"

"नाई सर. गाडी तं बाबांनी तेव्हाच इकून टाकली."

मग तिने जे सांगितलं ते रुपरावांनी मला जसंच्या तसं सांगितलं, मध्ये कुठे न थांबता. प्रेमिला बेचाळिसाव्या वर्षी स्कुटी शिकली होती. सुशीलचा विरोध होता, तरी शिकली. कारण तिचे वडील जरीपटक्यात राहायचे. बाजाराच्या मागच्या गल्लीत भावाचं घर होतं, भाऊ-भावजय दिवसभर कामाला, आणि म्हातारा एकटा. सक्करदऱ्याहून जरीपटका म्हणजे शहराचं दुसरं टोक. स्कुटी आल्यावर ती अंगणवाडी आटोपून आठवड्यातून तीनदा जायची. वडिलांना आंघोळ घालायची, जेवू घालायची, नखं कापायची, आणि संध्याकाळच्या आत परत यायची. अपघातानंतर तीन महिने ती घरातच होती. त्यानंतर गाडी नव्हती. दोन ऑटो बदलून, काठी घेऊन जाणं व्हायचं नाही. महिन्यातून एकदा सुशील सुटीच्या दिवशी घेऊन जायचा. सुटीही प्रत्येक वेळी मिळायची नाही. डिसेंबरात वडील वारले. शेवटचे सोळा-सतरा दिवस ती तिकडे गेली नव्हती.

"आई भांडली नाई का गाडीसाठी?" रुपरावांनी विचारलं होतं.

"भांडली ना. पण बाबा म्हणाले, उभ्या गाडीवर जाऊन आदळते, तुले काय चालवता येते. मंग ते चूप बसली. मीबी तिले हसली होती, सर, तेव्हा. उभी गाडी दिसली नाई का म्हणून."

त्या दिवशी रुपरावांनी मिनलला वीस मिनिटं आधी सोडलं. खोलीत येऊन बसले. ताराबाईंनी चहा ठेवला तो तसाच निवला. दुपारी त्यांनी ब्लेड घेतलं आणि काचेवरची लाल अक्षरं खरवडून काढली. तरीही सांगायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. हे तीन आठवडे ते स्वतःहून मोजून सांगतात. "पोट्टी रोज माह्या बाजूले बसून शिकत होती, ताई. रोज सर, सर म्हणत होती."

जुलैमधल्या एका रविवारी अकराच्या सुमारास ते प्रेमिलाच्या घरी गेले. मिनल शिकवणीला गेली होती. सुशीलने खुर्ची दिली, पंखा लावला, पोरगी कशी शिकते ते विचारलं. प्रेमिला जरा लंगडत पाणी घेऊन आली. ती परत आत वळणार, तोच ते म्हणाले, "ताई, तुम्हीबी बसा. मले तुम्हालेच सांगाचं हाय."

ती दाराच्या चौकटीशी उभीच राहिली.

त्यांनी सांगितलं. दार उघडलं होतं, मागे पाहिलं नव्हतं, दार लागून ती पडली होती. तिची काही चूक नव्हती. पोलिसाला, गर्दीला आणि सुशीलला हे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही.

सुशीलने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "जाऊ द्या ना सर. झालं ते झालं. आता कायले उकरून काढता?"

"तुम्ही चूप बसा जरा," प्रेमिला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. आत दूध उतू जात होतं. ती गेली, गॅस बंद केला, परत आली. मग तिने रुपरावांना विचारलं, "दार तुम्ही मंग लावलं होतं ना?"

"हो."

"मले तो आवाज आला होता. मी खाली पडली होती, डोये मिटले होते, अन् दार लागल्याचा आवाज आला. दार उघडतानाबी दिसलं होतं मले. म्या दवाखान्यात यांना सांगतलं. हे म्हणाले, सगळे लोक खोटं बोलतीन का? चहावाला, बसमधले, सगळे? मंग मले वाटाले लागलं, मलेच भास झाला असंन. दार तं बंदच होतं. मीच आदळली असंन." ती थांबली. "सव्वा वर्ष मी हेच म्हणून राहिली होती मनात, का मीच आदळली."

नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "आयकलं ना तुम्ही?"

सुशील फरशीकडे पाहत होता. त्याने मान डोलावली.

रुपराव म्हणाले, "ताई, मी पोलिसाले लिहून देतो. अन् गाडी घेऊन देतो तुम्हाले. मी सोता शिकवतो पुन्हा, जेवढे दिवस लागतीन तेवढे."

"गाडी घेऊन मी जाऊ कुठी?" प्रेमिला म्हणाली. "जरीपटक्यात आता माहं कोणी नाई."

हे सांगताना रुपराव नेहमी या वाक्याशी थांबतात. त्या दिवशी त्यांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. ते उठले. ती त्यांना दारापर्यंत सोडायला आली नाही, पण चौकटीशी उभी राहून म्हणाली, "सांगतलं ते बरं केलं. पण आता पुन्हा घरी येऊ नका. अन् मिनलचं शिकणं अर्धं ठेवू नका. तिले पक्कं शिकवा."

दुसऱ्या दिवशी ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की तक्रारच नव्हती, जखमी बाई बरी आहे, आता यात करण्यासारखं काही नाही. रुपरावांनी तरी अर्ज दिला. मग ते शालिकरामच्या टपरीवर गेले, चार गिऱ्हाईकं उभी असताना त्यांनी त्याला खरं सांगितलं. शालिकराम ओशाळला. "मी तं तुमच्यासाठीच बोल्लो होतो, भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही तवाच म्हटलं असतं, तं मी काहून बोल्लो असतो?" तो माणूस खोटारडा नव्हता. त्याला आपल्या ओळखीच्या माणसाची बाजू घ्यायची होती, आणि ज्याला थांबवता आलं असतं त्याने थांबवलं नव्हतं.

मिनलला आईनेच सांगितलं असावं. दोन दिवस ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, सीटवर बसली, पट्टा लावला. "सर" म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही. तीन आठवडे ती गरजेपुरतं बोलून शिकली आणि पहिल्याच परीक्षेत तिला लायसन्स मिळालं. रुपराव म्हणतात, त्यांनी शिकवलेल्यांत तिच्यासारखी जपून चालवणारी दुसरी नाही. लायसन्स आल्याचं तिने ताराबाईंना फोनवर कळवलं.

तेव्हापासून ते प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला आधी उतरायला शिकवतात, आणि शिकणं संपायच्या आत ही गोष्ट सांगतात. ऐकून काही जण सोडून जातात. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी आपल्या सुनेचं नाव काढून घेतलं, म्हणाले, असल्या माणसाकडे कशाला. ताराबाईंना वाईट वाटलं. रुपरावांना वाटलं नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, "काका, तुम्ही जाऊन सांगितलंत, हेही थोडं नाही." त्यांनी मान हलवली.

"म्या सांगतलं तेव्हा तिचा बाप मेला होता, ताई. पहिल्या दिवशी सांगतलं असतं तं गाडी इकली नसती. पाय बरा झाला का ते पुन्हा गेली असती. दाराची चूक एका मिनिटाची होती. ते कोणाच्याही हातून होते. बाकीचं सगळं म्या रोज-रोज केलं."

माझं शिकणं फेब्रुवारीत संपत आलं होतं. शेवटच्या आठवड्यातला बुधवार, म्हणजे सक्करदऱ्याचा बाजाराचा दिवस. रस्त्याच्या दोन्ही कडा भाजीवाल्यांनी भरलेल्या, मधून ई-रिक्षा, हातगाड्या, सायकली. अशा गर्दीत चालवता आलं म्हणजे आलं, म्हणून त्यांनी मला मुद्दाम तिथे नेलं होतं. मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखी सरकत होते. एवढ्यात त्यांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.

डावीकडे एक बाई रस्ता ओलांडायला उभी होती. हातात दोन भरलेल्या पिशव्या, एका पायावर जास्त भार. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण रुपरावांकडे पाहिलं आणि समजले.

त्यांनी हाताने खूण केली, जा म्हणून.

तिने गाडीकडे पाहिलं, काचेमागच्या माणसाकडे पाहिलं. ती हलली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती वाट पाहत होती, एवढंच. मागे हॉर्न वाजायला लागले. एक ऑटो आमच्या उजवीकडून कुरकुरत पुढे गेला. रुपरावांनी पुन्हा खूण केली नाही. हात मांडीवर ठेवून ते बसून राहिले.

"काका?" मी विचारलं.

"चला, ताई," ते म्हणाले. "आपण गेल्यावर जाईन ते बाई."

मी क्लच सोडला. गाडी पुढे सरकली.